क्ष अक्षावर मी

बायकोला काय हवंय हे तिला न विचारता शोधून काढायचं, असं मी एका सोमवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं. (हनुवटीवर कापलं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.) न विचारता अशासाठी, की विचारून झालं होतं. विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मला काय, दोन्ही सारखंच." चहा की कॉफी, दोन्ही सारखंच. खिडकी उघडी की बंद, दोन्ही सारखंच. लग्न ठरलं तेव्हा तिच्यासाठी दोन स्थळं आली होती. तिनं त्यातून मला कसं निवडलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

आता माझी बाजू सांगतो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझा हातखंडा विषय म्हणजे समवृत्ती वक्र. मुलं मला 'वक्रसर' म्हणायची, पाठीमागे, पण पुढच्या बाकापर्यंत ऐकू येईल अशा बेतानं. विषय सोपा आहे. एका माणसाकडे सफरचंदं आहेत आणि संत्री आहेत. त्याची थोडी सफरचंदं काढून घ्या. मग त्याला इतकी संत्री द्या, की तो म्हणेल, "ठीक आहे, माझं काही बिघडलं नाही." तिथे एक ठिपका द्या. असे ठिपके जोडले की जी रेघ तयार होते तो समवृत्ती वक्र. त्या रेघेवर माणूस कुठेही उभा असो, त्याचं समाधान तेवढंच. त्याला दोन्ही सारखंच. ही रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते, आतल्या बाजूला पोट काढून असते, आणि एकाच माणसाच्या दोन रेघा एकमेकींना कधीही छेदत नाहीत. एकदा एका पोरानं विचारलं होतं, "सर, त्या माणसाला संत्री आवडतच नसतील तर?" मी त्याला खाली बसवलं होतं.

सगळी नोकरी मी फळ्यावर सफरचंदं काढण्यात घालवली, आणि जिला खरोखर सगळं सारखंच असतं अशी बाई माझ्याच घरात चपला घालून फिरत होती. हे दाढी करताना लक्षात आलं आणि मला माझीच कीव आली.

माझी बायको पुस्तकं बांधते. जुनी, फाटलेली, पानं सुटलेली पुस्तकं तिच्याकडे येतात आणि पाठ ताठ करून परत जातात. आमचं जेवायचं टेबल म्हणजे तिचा कारखाना. एका टोकाला लोखंडी प्रेस, मध्ये सुया, दोरे, पुठ्ठे, खळीचं भांडं, आणि दुसऱ्या टोकाला दोन ताटल्या मावतील एवढी जागा. मी नोकरीत होतो तेव्हा सकाळी बाहेर पडायचो आणि संध्याकाळी परतायचो. मधल्या वेळात घराचं काय होतं याचा मी कधी विचार केला नव्हता. आपण नसताना वर्ग रिकामा पडतो, तसं घरही आपली वाट बघत पडून राहत असेल, अशी माझी समजूत. निवृत्तीनंतर कळलं की घर दिवसभर भलतंच कामात असतं. मग मीही कामाला लागलो. म्हणजे तिला मदत करू लागलो.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी मेव्हणीचा फोन आला. तिचा दुसऱ्या गावी बाइंडिंगचा कारखाना आहे. तिथल्या मोठ्या वाचनालयाच्या तळघरात पाणी शिरलं होतं आणि कपाटंच्या कपाटं भिजली होती. "ताई, तुझ्याशिवाय हे काम करणारं कुणी नाही. सहा महिने ये. राहायला खोली बघून ठेवलीय. रविवारपर्यंत कळव." फोन ठेवून बायको टेबलाशी आली आणि सुई हातात घेऊन उभी राहिली.

"जाऊ की नको?" तिनं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय, दोन्ही सारखंच. तुम्ही सांगा."

इथे कुणीही शहाणा नवरा 'जाऊ नकोस' एवढं बोलून मोकळा झाला असता. मला तर तेच म्हणायचं होतं. खळीचा वास नसलेलं आमचं घर डोळ्यांपुढे आलं. पण मी पडलो मास्तर. दुसऱ्याच्या पसंतीत आपण ढवळाढवळ करू नये, हे मी आयुष्यभर शिकवलेलं. मी म्हणालो, "हा सर्वस्वी तुझ्या आवडीचा प्रश्न आहे." आणि आपण काहीतरी फार उदात्त बोललो असं मला वाटलं. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग सुईत दोरा ओवला.

रात्रभर तळमळलो आणि सकाळी दाढीच्या वेळी वाट सापडली. तिला जाणं आणि राहणं खरोखर सारखंच असेल, तर तराजू मधोमध उभा आहे. राहण्याच्या पारड्यात किंचित काही टाकलं तरी ते खाली येणार. टाकायचं काय? घरात हाताशी एकच वस्तू होती. मी.

प्रश्न एवढाच होता की किती टाकायचा. त्यासाठी तिचा वक्र काढणं भाग होतं. क्ष अक्षावर माझी मदत घेतली, रोज किती तास. य अक्षावर तिला मिळणारी शांतता, म्हणजे मी घरात असून बोलत नाही किंवा घरातच नाही असे तास. समाधान मोजता येत नाही, हे शास्त्रानं मान्य केलेलं आहे. ते किलोत नसतं, लिटरमध्ये नसतं. पण क्रम लावता येतो, आणि आमच्याकडे तो आयताच लागलेला होता. बायको फार खूश असली की "बरं" म्हणते. ठीकठाक असली की "हं" म्हणते. आणि "असू दे" म्हणाली की समजावं, आता स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा ग्लास उगाच विसळावा. मी ठरवलं, फक्त 'हं'चे ठिपके घ्यायचे आणि जोडायचे.

सोमवारी थोडकी मदत केली. दोरे कापून दिले आणि वर्तमानपत्रातल्या फक्त ठळक बातम्या वाचून दाखवल्या. (एरवी मी अग्रलेखही वाचतो आणि परिच्छेदागणिक "ऐकलंस का?" असं विचारतो. विद्यार्थी झोपू नयेत म्हणून लागलेली सवय.) ती "हं" म्हणाली. ठिपका दिला.

मंगळवारी मदत वाढवली. तिच्या सगळ्या सुया लांबीप्रमाणे लावून ठेवल्या. चेहरा 'असू दे'कडे झुकतोय असं वाटल्याबरोबर मी फिरायला निघून गेलो आणि बाजार, टपाल कचेरी, पुलापलीकडचं मैदान असं सगळं पालथं घालून आलो. आल्यावर "हं" मिळालं. ठिपका.

बुधवारी म्हटलं, आता हात आखडता घ्यायचा नाही. तिचं सामान आवरलं. खळीची भांडी घासून कपाटात ठेवली (त्यातल्या एकात खळ भिजत घातलेली होती, असं नंतर कळलं). पुठ्ठ्यांचे तुकडे फेकून दिले (ते तुकडे नव्हते). कात्री योग्य जागी ठेवली. "असू दे," ती म्हणाली. मी लगेच शांततेचा पुरवठा सुरू केला आणि गॅलरीत जाऊन बसलो. तिनं आतून दार लावून घेतलं. अंधारायला लागल्यावर दार उघडलं आणि "चहा घेताय का?" असं विचारलं. मी विचारलं, "तुला आता कसं वाटतंय?" ती म्हणाली, "हं." ठिपका.

ठिपके जोडले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रेघ खाली उतरायच्या ऐवजी वर चढत होती. सरळ, धडधडीत, जिन्यासारखी वर. मी कागद उलटा केला. मग खिडकीच्या काचेवर धरून मागच्या बाजूनं पाहिला. मागून मात्र ती अगदी व्यवस्थित उतरत होती. पण पाठमोऱ्या कागदावर सिद्धान्त उभा राहत नाही.

वाटलं, एखादा ठिपका चुकला असेल. म्हणून 'असू दे'चे ठिपके घेऊन दुसरा वक्र काढला, तर तो पहिल्याला मधोमध छेदून गेला. हे मात्र मला सहन होईना. मी कागद घेऊन टेबलाशी गेलो.

"हे बघ, तुझे वक्र एकमेकांना छेदतायत."

"कुठे?" तिनं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

"इथे. असं होऊच शकत नाही. याचा अर्थ एकाच परिस्थितीत तू ठीकठाकही आहेस आणि वैतागलेलीही आहेस."

"मग आहेच."

"अगं, पण ते अशक्य आहे!"

"ही बुधवारची खूण आहे ना? बुधवारी तुम्ही माझी कात्री लपवलीत."

"लपवली नाही. योग्य जागी ठेवली."

"कुठली योग्य जागा?"

मी आठवून पाहिलं. कात्री अजून सापडलेली नाही.

गुरुवारी मुलगी आली. ती याच गावात राहते, विम्याच्या कचेरीत काम करते, आणि एके काळी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. येताना तिनं एक मोठी बॅग आणली होती. "आई, असू दे घरात. लागली तर," असं म्हणून ती बॅग तिनं भिंतीला टेकवून ठेवली. त्या रिकाम्या बॅगेकडे मला बघवेना. मी चहा ठेवायला आत गेलो तर मुलगी फ्रिजसमोर उभी. फ्रिजच्या दारावर मी माझा आलेख लावला होता.

"बाबा, हा समवृत्ती वक्र आहे?"

"आहे."

"कुणाचा?"

"एका उपभोक्त्याचा."

ती जरा वेळ बघत राहिली. "क्ष अक्षावर काय घेतलंय तुम्ही? कचरा?"

"कचरा कशाला घेईन?"

"मग धूर?"

"नाही."

"डास?"

"डास काय म्हणतेस!"

"अहो, तुम्हीच शिकवलंय. वस्तू नकोशी असली की रेघ वर चढते. जितकी ती वस्तू जास्त, तितकी भरपाई जास्त द्यावी लागते, तेव्हा कुठे माणूस जागच्या जागी राहतो. परीक्षेत मी घाणेरड्या वासाचं उदाहरण दिलं होतं आणि तुम्ही पूर्ण मार्क दिले होते." मग ती आलेखाच्या आणखी जवळ गेली. "आणि ही साधीसुधी नकोशी वस्तू नाही हं बाबा. चढ बघा केवढा आहे. आहे तरी काय हे?"

"मी," मी म्हणालो.

तिनं गॅस बारीक केला आणि माझ्या हातातून चहाचा डबा घेतला. मला एकदम ते संत्र्यांवाल्या प्रश्नाचं पोर आठवलं. त्याला मी उगाच खाली बसवलं. तो कुठे असेल तिथे त्याचं भलं होवो.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण आपण सगळ्या जन्माचे सोबती, आणि आलेखावर मात्र धूर, डास आणि आपण एका रांगेत, हे मनाला फार लागलं. आजवरची मदत किरकोळ होती, म्हणून असं झालं असणार. एक भरभक्कम, डोळ्यांत भरेल अशी मदत केली पाहिजे. शुक्रवारी ती नवे पुठ्ठे आणायला बाहेर पडली (जुने मी फेकले होते), आणि मी टेबलाशी बसलो.

समोर अ‍ॅटलास होता. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. त्यांच्या लहानपणचा, मोठा, जुना, नकाशे सुटे झालेला. नातीच्या वाढदिवसाला द्यायचा म्हणून त्यांनी तो बांधायला दिला होता. बायकोनं पंधरवडाभर खपून एकेका नकाशाची कड दुरुस्त केली होती. आता फक्त शेवटचं काम राहिलं होतं, पुठ्ठ्याला अस्तराचा कागद चिकटवून पुस्तक प्रेसमध्ये ठेवायचं. तिला हे करताना मी कितीदा तरी पाहिलेलं. मी खळ घेतली. ब्रश घेतला. अस्तर चिकटवलं. मग वाटलं, नकाशेही जरा ढिलेच वाटतायत, मजबुतीसाठी त्यांनाही एक हात देऊ. प्रत्येकाला दिला. सढळ दिला. मग अ‍ॅटलास मिटून प्रेसमध्ये घातला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून चाक आवळलं.

पानांच्या मध्ये मेणकागद घालायचा असतो, हे मला माहीत होतं. फक्त त्या वेळी आठवलं नाही.

ती आली. मी तिला हाताला धरून प्रेसपाशी नेलं. "उघड," म्हटलं. तिनं चाक सैल केलं आणि अ‍ॅटलास बाहेर काढला. तो उघडेना. तिनं नखानं एक कोपरा उचलून पाहिला, मग दुसरा. जगातले सगळे देश एक झाले होते. सीमा म्हणून उरली नव्हती. ज्या समुद्रांनी आजवर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं ते एकमेकांना घट्ट चिकटून बसले होते.

मी 'असू दे'ची वाट पाहिली. ते आलं नाही. ती काहीच बोलली नाही. 'असू दे'च्या खालीही एक पायरी असते, हे मला तेव्हा कळलं, आणि तिच्यासाठी आलेखावर जागाच नव्हती. तिनं अ‍ॅटलास टेबलावर ठेवला, हात धुतले, आणि भिंतीला टेकलेल्या बॅगेकडे बघत बसून राहिली. मला तेव्हा खरंच भीती वाटली. विनोद म्हणून सांगत नाही.

"डॉक्टरांना मी सांगते," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

"मी सांगतो. उद्या जायचंच आहे मला त्यांच्याकडे. दाढ काढायला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण थोडी काळजीही होती. ज्याचं जग आपण चिकटवून टाकलंय त्याच्याचपुढे आपलं तोंड उघडून बसायचं, हा योग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

शनिवारी अ‍ॅटलास पिशवीत घालून गेलो. डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि अंगठ्यानं उघडून पाहिला. उघडला नाही. मग नकळत त्यांनी शेजारच्या ट्रेमधलं एक बारीक अवजार उचललं, पानांच्या फटीत घालून हलवून पाहिलं आणि आत खोलवर बघत मान हलवली. "फार आतपर्यंत गेलंय," ते म्हणाले.

"डॉक्टर, हे मी केलं. तिचा यात काही दोष नाही."

"बसा खुर्चीत."

मी बसलो. त्यांनी दिवा डोळ्यांवर आणला, तोंडात इंजेक्शन दिलं, आणि जबडा बधिर व्हायची वाट बघत उभे राहिले. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"तुमच्या मिसेसचा सकाळी फोन आला होता," ते म्हणाले. "म्हणाल्या, हे स्वतःहून सांगायला येतील, त्यांना रागावू नका. मदत करायला गेले होते. वाफ देऊन एकेक पान सोडवते म्हणाल्या, बरेचसे नकाशे वाचतील. फक्त काम नाजूक आहे, घरात शांतता पाहिजे." त्यांनी पकड उचलली. "म्हणून सांगतो, आज दिवसभर कापूस तोंडातून काढायचा नाही. आणि बोलायचं तर अजिबात नाही."

हा सल्ला वैद्यकीय होता की घरून कळवलेला, हे मी आजही सांगू शकत नाही.

पिशवीतला अ‍ॅटलास तसाच परत घेऊन घरी आलो. एक गाल फुगलेला, तोंडात कापूस, जबडा कुणा दुसऱ्याचाच. ती लगेच किटलीच्या वाफेवर अ‍ॅटलास धरून पातळ सुरी पानांमध्ये सरकवू लागली. मी शेजारची खुर्ची ओढली. वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, "ऐकलंस का?" विचारता येत नव्हतं, काही सुचवता तर मुळीच येत नव्हतं. एक नकाशा सुटला, तो तिनं न बघता माझ्याकडे केला. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. वाळल्यावर खाली ठेवला. मग पुढचा धरला. दुपार अशीच गेली. किटली वाजत होती, तिची सुरी हलत होती, आणि मी कडेला बसून एकेक खंड वाळवत होतो. समुद्र जवळजवळ सगळे वाचले. एकदोन बेटं गेली.

शेवटचं पान सुटलं तेव्हा तिनं मान मोकळी केली, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

आठवडाभर मी नुसत्या 'हं'साठी गावभर वणवण केली होती. माझे डोळे भरून आले. (डॉक्टरांचं इंजेक्शनही उतरत होतं, त्याचाही थोडा भाग असेल.) मी बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसताच घोगरा आवाज आला.

"कापूस काढून बोला."

मी कापूस काढला. "जाऊ नकोस. मला दोन्ही सारखं नाहीये."

तिनं सुरी पुसून ठेवली. "हे त्याच दिवशी बोलायचं होतं. तुम्हाला सारखंच आहे की काय, तेवढंच मला बघायचं होतं."

"मग तुला? तुला तरी सारखं आहे ना?"

"मलाही नाही," ती म्हणाली. "मला जायचंय."

मी काही बोललो नाही. बधिर जबड्याचा तेवढा उपयोग झाला.

"एवढी पुस्तकं भिजून पडलीयत हो. त्या दिवसापासून सुचत नाहीये मला दुसरं काही. पण सहा महिने तुम्हाला एकटं सोडून जायचं म्हटलं तर..." ती थांबली. "बहिणीला विचारलंय मी. सोमवार ते गुरुवार तिकडे, शुक्रवारी घरी. गाडी आहे सकाळची. चालेल?"

वक्राचं पोट आतल्या बाजूला का असतं, हे मी जन्मभर शिकवलं आणि मला ते तेव्हा कळलं. नुसती सफरचंदं किंवा नुसती संत्री, या दोन टोकांपेक्षा माणसाला थोडं हे आणि थोडं ते असं अधिक आवडतं. "अगं, हाच तर तो गुणधर्म!" मी म्हणालो. "समज, आरंभबिंदूपासून आपण..."

तिनं कापूस परत माझ्या तोंडात घातला.

ती गेली. मी फ्रिजवरचा आलेख काढला. चार दिवस घर इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाज ऐकायला मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. शुक्रवारी ती आली तेव्हा मी मनाशी घोकून ठेवलेलं. फक्त "आलीस?" एवढंच म्हणालो, बॅग घेतली, चहा दिला आणि गप्प बसलो. दाढ काढली त्या दिवशीही जबडा इतका दुखला नव्हता.

"तिकडे फार शांत असतं हो," तिनं चहाचा घोट घेत म्हटलं.

"म्हणजे?"

"खोलीवर परतलं की कुणी बोलायलाच नाही. पहिले दोन दिवस छान वाटलं. मग करमेना."

शांततेचाही कंटाळा येतो! त्या बिंदूनंतर ती थोडी शांतता देऊन मला घ्यायला तयार आहे! रेघ वळली होती, खाली उतरायला लागली होती, आणि मी कचऱ्यातून उठून सफरचंदांच्या रांगेत येऊन बसलो होतो. मी टेबलावर पेन्सिल शोधू लागलो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, रेडिओ आणला. छोटासाच. बातम्या देतो, बाजारभाव सांगतो, मध्येच कुणाकुणाची मतं ऐकवतो. अगदी तुमच्यासारखाच."

मी पेन्सिल खाली ठेवली. अर्थशास्त्रात यांना पूर्ण पर्यायी वस्तू म्हणतात. एकीच्या जागी दुसरी आली तरी उपभोक्त्याला पत्ता लागत नाही. "म्हणजे मी काय आणि रेडिओ काय," मी हळूच म्हणालो, "तुला दोन्ही सारखंच?"

ती विचारात पडली. तिनं बराच वेळ विचार केला, हे मी मुद्दाम नमूद करतो.

"नाही," ती म्हणाली. "सारखं नाही." आणि टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. "वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. ठळक बातम्या वाचल्या, ती ऐकत होती. बाजारभाव वाचले, तरी ऐकत होती. माझा आवाज चढला, वर्गात चढायचा तसा. मी अग्रलेखाला हात घातला, पहिला परिच्छेद संपवला आणि मान वर करून म्हणालो, "ऐकलंस का?"

तिनं टेबलावरून हात लांब केला, माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली, आणि रेडिओचा आवाज कमी करतात तशी हलकेच डावीकडे फिरवली.

मी आवाज कमी केला.